एनआयपीटी: चाचणी चोख, समुपदेशन अपुरं

आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी ही चाचणी म्हणून उत्तम आहे. १० आठवडे भरले की दंडातून साधारण १० मिली रक्त घेतात. पोटात सुई जात नाही. रक्त घेतल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करावी लागते, फ्रीजमध्ये ठेवायची नसते. हे चुकलं की आईच्या रक्तपेशी फुटतात, त्यांच्या डीएनएत वारेतून आलेला डीएनए बुडतो आणि निष्कर्षच निघेनासा होऊ शकतो. रक्तातल्या मोकळ्या डीएनएपैकी वारेतला डीएनए ४ टक्क्यांच्या आसपास तरी लागतो. आईचं वजन जास्त असलं तर तो कमी भरतो.

सेवा कोसळते ती रिपोर्टच्या क्षणी. 'हाय रिस्क' लिहिलेला कागद मोबाइलवर येतो, सोबत माणूस नसतो. पंचविशीतल्या १२,५०० गरोदर बायका धरा. डाऊन सिंड्रोम, म्हणजे २१ वं गुणसूत्र एक जादा असणं, साधारण १० बाळांना असेल. खोटा इशारा हजारात एकीला म्हटला, तरी १२ जणींना मिळेल. म्हणजे 'हाय रिस्क'वाल्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळांना काहीच नसेल. वयाच्या चाळिशीत डाऊनची शक्यता बरीच जास्त असल्याने हे गणित पार बदलतं. त्यामुळे १५ आठवड्यांनंतरची गर्भजल तपासणी (पोटातून सुईने बाळाभोवतीचं पाणी काढून केलेली) झाल्याशिवाय कुठलाही निर्णय नको. पूर्ण गुणसूत्र अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात आणि २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचं प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं, म्हणून चाचणी लांबवू नये.

समुपदेशनात बहुधा एकच वाट दाखवली जाते, गर्भपाताची. डाऊन असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, त्यातले बरेच शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात, मुलं शाळेत जातात, हे सांगितलंच जात नाही. अशा मुलांच्या पालकांशी गाठ घालून देणारं केंद्र मिळालं तर तेच निवडा. त्यानंतर गर्भपात करायचा की बाळ ठेवायचं, हा निर्णय बाईचा. कुणीही तिला ढकलू नये, कुठल्याच बाजूला.

आई स्वतः अपंग असेल तर सेवा आणखी उघडी पडते. प्रश्न नवऱ्याला नाहीतर सासूला विचारले जातात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानुसार अपंग बाईच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात केल्यास सहा महिने ते पाच वर्षं कैद होऊ शकते. तीव्र अपंगत्वात डॉक्टरांचं मत आणि त्या बाईच्या कायदेशीर पालकाची संमती असा अपवाद आहे. तिच्याशी तिच्या भाषेत, गरज असेल तर खाणाखुणांच्या दुभाष्यासह बोलणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.