टीव्ही घ्यायचाय? टायझेन, वेबओएस की गुगल टीव्ही, आधी तिघांची कुंडली बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांत टीव्हीच्या भिंतीपुढं गर्दी होते आणि सगळ्यांचे प्रश्न ठरलेले, किती इंच, फोरके आहे का, वॉरंटी किती, जुन्याचे किती धरणार. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, म्हणून जे आधी ३२ वर थांबायचे ते पण आता ४३ चा भाव विचारायलेत. विचारा की, चांगलंच आहे. पण आत ओएस (ऑपरेटिंग सिस्टम, म्हणजे टीव्ही आतून चालवणारं सॉफ्टवेअर) कुठली आहे हे कुणी विचारत नाही, आणि माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न तोच पाहिजे. पॅनल म्हणजे पडदा आहे तसाच राहतो हो, चौथ्या-पाचव्या वर्षी टीव्ही म्हातारा होतो तो सॉफ्टवेअरमुळं. रिमोटचं प्रत्येक बटण शेवटी त्या ओएसमधूनच जातंय.

आपल्याकडं मुख्य तीन पर्याय. सॅमसंग घेतला की टायझेन, एलजी घेतला की वेबओएस, आणि सोनी, टीसीएल, शाओमी आणि बाकी बऱ्याच कंपन्यांकडं गुगल टीव्ही. म्हणजे ब्रँड निवडताना ओएस आपोआप निवडली जाते, सॅमसंगच्या टीव्हीत गुगल टीव्ही मागून मिळत नाही. आणि या तिघांपैकी एक पण मुळात टीव्हीसाठी जन्मलेली नाही. तिघी मोबाईलकडून आल्यात, आणि कोण कुठून कसं आलं ते कळलं की आज कोण कशात चांगलं आणि कशात कच्चं ते आपोआप समजतं.

वेबओएसची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. पाम नावाची अमेरिकन कंपनी होती, डायरी-कॅलेंडरवाली छोटी हातातली यंत्रं बनवायची. आयफोन आल्यावर ती मागं पडली, मग सगळी ताकद लावून जानेवारी २००९ मध्ये तिनं वेबओएस दाखवली आणि जूनमध्ये पाम प्री हा फोन काढला. त्यात उघडी अ‍ॅप्स पत्त्यांसारखी शेजारी शेजारी दिसायची आणि नको ते वर ढकललं की बंद. आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये आपण उघडी अ‍ॅप्स बोटानं ढकलून बंद करतो ना, ती पद्धत लोकांना तिथं पहिल्यांदा नीट दिसली, आणि ते डिझाइन करणारे मातियास दुआर्ते २०१० मध्ये गुगलमध्ये अँड्रॉइडवर काम करायला गेले. फोन मात्र चालला नाही. एचपीनं २०१० मध्ये १.२ अब्ज डॉलरला पाम विकत घेतली, १ जुलै २०११ ला टचपॅड नावाचा टॅब आणला आणि ४९ दिवसांत बंद करून टाकला, उरलेला माल ९९ डॉलरला काढला तर लोकांनी रांगा लावून नेला. इतकी चांगली बनवलेली वस्तू अशी वाया जाताना वाईट वाटतं. शेवटी २०१३ मध्ये एलजीनं वेबओएस एचपीकडून घेतली, २०१४ पासून टीव्हीत घातली, आणि तिथं ती रुजली. ती पत्त्यांची रांग एलजीच्या टीव्हीत बरीच वर्षं खाली दिसायची.

टायझेनची वंशावळ गुंतागुंतीची आहे, थोडक्यात सांगतो. नोकियाची मेमो आणि इंटेलची मॉब्लिन एकत्र करून फेब्रुवारी २०१० मध्ये मीगो झाली. वर्षभरात नोकिया विंडोज फोनकडं गेली. मग सप्टेंबर २०११ मध्ये इंटेलनं मीगो सोडून टायझेन जाहीर केली, सॅमसंग बरोबर आली आणि तिनं स्वतःची बाडा ही ओएस पण पुढं यातच मिसळली. टायझेनचा पहिला फोन सॅमसंग झेड१ जानेवारी २०१५ मध्ये जगात सगळ्यात आधी आपल्या भारतातच आला, किंमत ५,७०० रुपये. मग झेड३, झेड२, झेड४ आले. झेड२ तर ४,५९० मध्ये फोरजी देत होता. फोन वाईट नव्हते, थोड्या रॅममध्ये बरे पळायचे, पण अ‍ॅप्स नव्हती, आणि ज्या फोनवर शेजाऱ्याकडं आहे ते अ‍ॅप मिळत नाही तो फोन कोण घेणार. घड्याळांत टायझेन बरी चालली होती, पण २०२१ मध्ये गॅलेक्सी वॉच ४ पासून सॅमसंगनं तिथंही गुगलची वेअर ओएस घेतली. राहिला टीव्ही (आणि फ्रिज). २०१५ पासून सॅमसंगच्या सगळ्या स्मार्ट टीव्हींत टायझेन आहे, आणि म्हणून आता टीव्ही हेच तिचं मुख्य घर.

अँड्रॉइडची सुरुवात २००३ मध्ये झाली, तेव्हा विचार डिजिटल कॅमेऱ्यांसाठीचा होता, मग फोनकडं वळले, २००५ मध्ये गुगलनं कंपनी घेतली आणि २००८ मध्ये पहिला फोन आला. टीव्हीत मात्र गुगल पहिल्यांदा आपटली. २०१० चा पहिला गुगल टीव्ही सोनी आणि लॉजिटेकबरोबर आणला होता, तो लोकांनी घेतला नाही. २०१४ मध्ये अँड्रॉइड टीव्ही नावानं परत आली, आणि २०२० मध्ये त्याच्यावरच नवीन होमस्क्रीन चढवून पुन्हा गुगल टीव्ही हे जुनं नाव दिलं. म्हणून दुकानात अँड्रॉइड टीव्ही आणि गुगल टीव्ही अशी दोन नावं ऐकली तर घाबरू नका, पाया एकच.

घाबरायचं तिसऱ्याला. स्वस्तातले काही लोकल टीव्ही नुसते 'स्मार्ट अँड्रॉइड' म्हणून विकतात, त्यात गुगलची मान्यता नसलेली मोकळी अँड्रॉइड टाकलेली असते. त्यात नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स एकतर चालत नाहीत नाहीतर अंधुक चालतात, अपडेट तर विसराच. बॉक्सवर गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीचा अधिकृत लोगो नसेल तर दोन हजार वाचवायला घेऊ नका.

आता खरी तुलना.

टायझेन आणि वेबओएस दोन्हीकडं बहुतेक अ‍ॅप्स म्हणजे आतून वेबपेजच, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली. पामनं २००९ मध्येच हे ठरवलं होतं. याचा फायदा असा की ओएस हलकी राहते, मधल्या किमतीच्या टीव्हीत पण मेन्यू पटकन हलतो. तोटा असा की ते वेबपेज चालवणारं जे इंजिन असतं, क्रोमियम, ते त्या वर्षीच्या मॉडेलला बांधलेलं असतं. एलजीच्या २०१८ च्या वेबओएस ४ मध्ये क्रोमियम ५३ आहे आणि २०२२ च्या टीव्हीत ८७. सॅमसंगचं पण तसंच, २०१८ च्या टायझेन ४ मध्ये ५६ आणि २०२२ च्या ६.५ मध्ये ८५. अ‍ॅप बनवणारे नवीन इंजिन धरून लिहायला लागले की जुन्या टीव्हीत ते अ‍ॅप आधी अडखळतं मग एक दिवस 'या डिव्हाइसवर उपलब्ध नाही' म्हणून येतं. पॅनल ठणठणीत असतो आणि टीव्ही निम्मा निकामी. म्हणून या दोघांपैकी एक घेताना मॉडेलचं वर्ष बघायचंच, ऑफर लागलेला टीव्ही बऱ्याचदा मागच्या किंवा त्याच्या मागच्या वर्षाचा असतो, स्वस्त का आहे ते तिथं कळतं.

हे दुखणं दोन्ही कंपन्यांना कळलंय असं दिसतं. सॅमसंगनं २०२४ मध्ये त्या वर्षाच्या मॉडेलपासून सात वर्षांपर्यंत ओएसचे अपग्रेड द्यायचं जाहीर केलं, एलजीनं त्याच वर्षी पाच वर्षांत चार अपग्रेडचा कार्यक्रम काढला. आपल्या घरात टीव्ही आठ-दहा वर्षं भिंतीवर असतो, त्या हिशोबानं सात वर्षं म्हणजे मोठी गोष्ट आहे, आणि माझ्या मते आज टायझेन घ्यायचं सगळ्यात जोरदार कारण हेच. फक्त आपण बघतोय ते मॉडेल त्या यादीत आहे का हे कंपनीच्या साइटवर नंबर टाकून बघा, सेल्समनच्या तोंडी 'हो सर'वर जाऊ नका.

गुगल टीव्हीचं गणित उलटं. अ‍ॅप्स आणि ते वेबपेज दाखवणारा भाग पण प्ले स्टोअरमधून आपापले अपडेट होत राहतात, त्यामुळं ओएस जुनी असली तरी अ‍ॅप्स बरीच वर्षं मिळतात. पण ओएसचं अपडेट टीव्ही बनवणाऱ्या कंपनीच्या हातात, आणि ती दोन वर्षांनी विसरली तर आपण काही करू शकत नाही. शिवाय ही तिघांत जड. स्वस्त मॉडेलमध्ये १ किंवा दीड जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज देतात, पहिले सहा महिने मस्त, मग चार अ‍ॅप्स टाकली की रिमोट दाबून वाट बघत बसायचं. गुगल टीव्ही घेणार असाल तर कमीत कमी २ जीबी रॅम आणि १६ जीबी स्टोरेज, त्याच्या खाली नको. लाइट जाऊन आली की पूर्ण बंद पडलेला गुगल टीव्ही सुरू व्हायला पण वेळ घेतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहितीय.

अ‍ॅप्सच्या बाबतीत मात्र गुगल टीव्हीला तोड नाही, आणि सोलापूरकरांसाठी हा मुद्दा इतरांपेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. आपल्याकडं एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येतंय. पूर्व भागात घरोघरी तेलुगू पिक्चर लागतो, विजापूर रोडला, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बघणारे भरपूर. मोठी अ‍ॅप्स तिन्हीकडं आहेत, यूट्यूब, नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार, त्याची चिंता नाही. पण तेलुगूचं आहा, दक्षिणेकडच्या भाषांचं सन नेक्स्ट, किंवा एखादं छोटं मराठी अ‍ॅप, भजन-कीर्तनाचं, लोकल केबलवाल्याचं, अशी बनवणारे बऱ्याचदा आधी अँड्रॉइडसाठीच बनवतात कारण फोनचंच कोड बरंचसं वापरता येतं. झेड१ फोनला जे झालं तेच, अ‍ॅप बनवणारा जिथं गिऱ्हाईक जास्त तिथं जातो. म्हणून घरच्यांना लागणाऱ्या अ‍ॅप्सची यादी कागदावर लिहून न्या आणि दुकानातच त्या टीव्हीच्या स्टोअरमध्ये एकेक शोधा. माईकचं बटण दाबून मराठीत आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेतलं 'गड्डा यात्रा नंदीध्वज' म्हणून बघा, काय समजतंय आणि काय दाखवतंय ते लगेच कळेल. आजी-आजोबा टाइप करणार नाहीत, ते बोलणारच.

रिमोटचं म्हणाल तर एलजीचा तो हवेत फिरवायचा बाणवाला रिमोट मला वयस्कर माणसांसाठी सगळ्यात सोपा वाटतो, जिथं बघायचंय तिकडं रोखायचं आणि दाबायचं. काहींना हात थरथरत असेल तर तोच त्रास देतो, म्हणून ज्यांच्यासाठी घेताय त्यांनाच दुकानात हातात देऊन बघा. आणि एलजीच्या प्रत्येक मॉडेलसोबत तो रिमोट येतोच असं नाही, बॉक्समध्ये कुठला आहे ते विचारा.

जाहिराती तिन्हीकडं आहेत, होमस्क्रीनवर काही ना काही विकायला ठेवलेलं असतंच, यात कुणी साधू नाही. पण एक काम घरी आल्या आल्या करा. सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीत पडद्यावर काय चाललंय ते ओळखून पाठवणारी सोय असते, पहिल्यांदा टीव्ही लावताना आपण सगळ्याला 'मान्य' दाबत जातो तेव्हा ती चालू होते. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन बंद करता येते आणि बंद केल्यानं टीव्हीचं काही अडत नाही. गुगल टीव्हीत तर पूर्ण खातंच गुगलचं, त्यामुळं घरातल्या सगळ्यांचा यूट्यूब एका फोनच्या खात्यावर नको असेल तर टीव्हीसाठी वेगळं खातं काढा.

एक छोटी गोष्ट ओएसच्या बाहेरची, पण ब्रँड ठरताना कामाची. चित्रातला उजेड-अंधार आणि रंग जास्त जिवंत दाखवणारं डॉल्बी व्हिजन सॅमसंगच्या टीव्हीत नसतं, ते त्याच कामाचं एचडीआर१०+ देतात. सिनेमाचे शौकीन असाल तर हे माहिती असू द्या, बाकी मालिका आणि क्रिकेट बघणाऱ्यांना काही फरक पडत नाही.

मग घ्यायचा कुठला? घरात फक्त आई-वडील आहेत, बघणं म्हणजे मालिका, यूट्यूब, बातम्या, दुरुस्तीला कुणी मुलगा जवळ नाही, तर एलजी किंवा सॅमसंग, चालू वर्षाचं मॉडेल, डोळे झाकून. दोघांत रिमोट आवडला तर एलजी, जास्त वर्षं काढायची असतील तर सॅमसंग. घरात तीन भाषांचं बघणं आहे, कॉलेजचं पोरगं आहे ज्याला पेनड्राइव्हवरून अ‍ॅप टाकायचंय, गेम खेळायचाय, फोनवरून पटकन कास्ट करायचंय, तर गुगल टीव्ही, पण वर सांगितलेल्या रॅमच्या अटीवर आणि सर्व्हिस सेंटर सोलापुरातच असलेल्या ब्रँडचा, नाहीतर पॅनल गेला की पुण्याला फोन लावत बसायचं. आणि बजेट कमी आहे म्हणून ५५ इंची हलक्या दर्जाचा गुगल टीव्ही की ४३ इंची चांगला असा पेच असेल तर ४३ घ्या, माझं हे ठाम मत आहे.

घरी आधीच पाच-सहा वर्षांचा टीव्ही असेल आणि चित्र अजून छान असेल तर मात्र नवीन घेऊच नका. एचडीएमआयला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, काही हजारांत काम होतं, टीव्हीची जुनी ओएस बाजूला राहते आणि स्टिकची नवीन चालते. फक्त तिथंही आत काय आहे ते विचारा, कारण अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्हीच्या स्टिक इतकी वर्षं अँड्रॉइडवर होत्या पण २०२५ मध्ये त्यांनी व्हेगा नावाची स्वतःची ओएस असलेली स्टिक आणलीय आणि तिच्यात बाहेरून अ‍ॅप टाकता येत नाही.