जुने प्लास्टर-ठसे: शोध चित्रावरून की डब्यावरून?
कोरीव रत्नांचे प्लास्टर-ठसे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रोम पाहायला आलेले प्रवासी पुस्तकासारख्या डब्यांतून घरी नेत. ठशावर उमटलेल्या चित्रावरून शोध घेतला, तर ऑक्सफर्डच्या बीझली संग्रहाच्या (प्राचीन ग्रीक-रोमन कलेच्या अभ्याससंग्रहाच्या) संकेतस्थळावर मूळ रत्न सापडू शकतं. पण एकच रत्न पाओलेत्ती, कादेस अशा वेगवेगळ्या कारागिरांच्या संचांत असू शकतं, त्यामुळे ठसा कुणाचा हे कळत नाही. शिवाय रत्नाच्या वयाबद्दलही चित्र फसवू शकतं: पोलिश राजपुत्र पोनियातोव्स्कीच्या संग्रहातली बहुतेक रत्नं प्राचीन म्हणून मिरवली, प्रत्यक्षात ती नव्यानेच कोरून घेतलेली होती! डबा, कडेचा कागद, शाईतला क्रमांक, हस्तलिखित यादी यांवरून मात्र ठसा करणाऱ्यापर्यंत पोचता येतं. म्हणून मी आधी तेच बघते. डबा आणि यादी गेली की सुट्या ठशाला चित्राशिवाय फारसा आधार उरत नाही; संच मोडून एकेक ठसा विकणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो.