पापण्या आपोआप मिटतात त्यावरची ट्रीटमेंट, नाशिकच्या गंगापूर रोडचं क्लिनिक

दोन वर्षं डोळे फडफडायचे आणि मग गच्च मिटायचेच, एकदा द्वारका सर्कलला गाडीवर असताना झालं, बोटाने पापणी उचलून कशीबशी कडेला आले, तेव्हापासून स्कूटी बंद. आधी दोन ठिकाणी नुसते ड्रॉप्स दिले, एकाने तर टेन्शन घेऊ नका म्हणून परत पाठवलं. इथल्या मॅडमनी बघूनच सांगितलं ब्लेफरोस्पाझम, घोळ मेंदूकडून येणाऱ्या सिग्नलचा. मग डोळ्यांभोवती बोटॉक्सच्या, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या, बारीक सुया, पाणी आलं पण सहन होतं, चौथ्या दिवशी फरक. डावी पापणी काही दिवस लोंबली, ते आधी सांगायला हवं होतं ना. इफेक्ट तीनेक महिनेच, मग परत सुया परत बिल. वेटिंगला दीड तास आणि समोर झगझगीत ट्यूबलाइट, आम्हाला नेमकी तीच नको असते! तरी परवा रविवार कारंजापर्यंत एकटी चालत गेले.