चाकूच्या खाचेतला विस्तव : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, सलग चार दिवसांची झड थांबल्यावर, मी आमच्या जिंतूर तालुक्यातील शेताच्या आखाड्यावर बसून व्हिक्टोरिनॉक्स हंट्समन या अनेक अवजारांच्या घडीच्या चाकूतल्या दातकोरण्याच्या खाचेतून फेरो रॉड, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या देणारी धातूची कांडी, ओढायला गेलो आणि तो हललाच नाही. नखाने प्रयत्न केला, मग पक्कड लावली, तेव्हा रॉडचे प्लास्टिकचे बोंड तुटून हातात आले आणि रॉड आतच राहिला. खाचेच्या तोंडाशी राखाडी-पांढरी भुकटी साचलेली होती. कित्येक महिने ज्या वस्तूचे मी भेटेल त्याला कौतुक सांगितले, ती नेमकी ओल्या दिवसात निकामी झाली. म्हणूनच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हंट्समनमध्ये काय काय असते, ती सगळी यादी देत नाही. मी त्यात केलेले बदल मात्र सांगतो. प्लास्टिकचे दातकोरणे काढून त्याच्या खाचेत बसणारा, काडेपेटीच्या काडीहून जरासा जाड फेरो रॉड बसवला. या कंपनीच्या 'ऑफिसर' चाकूत १८९७ सालापासून असलेल्या, बाटलीचे बूच काढायच्या कॉर्कस्क्रूचा मला आजवर काही उपयोग नव्हता, त्याच्या वेढ्यांत सुतळी घट्ट गुंडाळली. शीतपेयाच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घेऊन त्यात पेट्रोलियम जेलीत मळलेला कापूस भरला, दोन्ही तोंडे मेणबत्तीवर तापवून पक्कडीने बंद केली आणि तो तुकडा कीरिंगला बांधला. ९१ मिलिमीटरच्या चाकूची लांबी त्याने वाढली नाही आणि खिशात वेगळे काही जाणवलेही नाही.

खर्च झाला तो एकट्या रॉडचा. तो घरपोच ६४० रुपयांना पडला. काडेपेटीची किंमत १ डिसेंबर २०२१ पासून चौदा वर्षांनी पहिल्यांदा वाढली, तीही एका रुपयाची दोन रुपये झाली. म्हणजे एका रॉडच्या पैशात ३२० काडेपेट्या आल्या असत्या. हा हिशेब विकत घेताना माझ्या डोक्यात होता आणि आजही आहे. या वस्तूकडून माझी अपेक्षा एवढी कडक का होती, हे त्यावरून लक्षात यावे.

पहिले दोन आठवडे वाया गेले. पाकिटात वापराबद्दल एकच ओळ होती आणि नव्या रॉडवर काळा संरक्षक लेप असतो, तो आधी खरवडून काढावा लागतो, हे त्यात लिहिलेले नव्हते. लेपावर पाते घासत मी ठिणगीची वाट पाहत राहिलो. त्याहून वाईट म्हणजे मी मोठ्या पात्याची धार वापरली. रॉड तर खरवडला गेला नाहीच, उलट धारेला तीन ठिकाणी दाते पडले. विक्रेत्याला मी रागाने तक्रार लिहिली, तिचे उत्तर दहा दिवसांनी आले आणि त्यातही लेपाचा उल्लेख नव्हता. त्या काळात कोणी विचारले असते, तर ही वस्तू घेऊ नका, असेच मी सांगितले असते.

ते मत बदलले करवतीमुळे. हंट्समनच्या पात्याची पाठ गुळगुळीत आणि किंचित गोलसर आहे, पण लाकूड कापायच्या करवतीची पाठ कारखान्यातूनच काटकोनी आणि तीक्ष्ण कडेची येते. ती कड रॉडवर जोर देऊन, सावकाश ओढली की ठिणग्यांची सर पडते. यामागचे कारण समजून घेतले की हातही सुधारतो. रॉड ज्याचा असतो तो फेरोसेरियम हा मिश्रधातू ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली तयार केला. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून नेल्या जाणाऱ्या गॅसबत्तीतला जाळीचा मँटलही त्यांचाच शोध. या मिश्रधातूतील सेरियम १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेते, त्यामुळे कडेने खरवडलेला बारीक कीस घर्षणाच्या उष्णतेनेच हवेत जळू लागतो आणि ठिणगीचे तापमान सुमारे ३००० अंशांपर्यंत जाते. म्हणजे जळतो तो रॉडचा कीस, चाकूचे पोलाद नव्हे. चाकूने रॉड फक्त चांगला खरवडला पाहिजे. झटके देऊन उपयोग नाही. जोर आणि कोन सांभाळावा लागतो.

येथे एक धोका आहे आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. ही करवत उघडल्यावर कुलूपबंद होत नाही. तिच्या पाठीवर जोर दिला की ती मिटायला बघते आणि दाते बोटांकडे येतात. जानेवारीत माझी तर्जनी अशीच कापली. तेव्हापासून मी रॉड करवतीच्या टोकाकडे न टेकवता बुडाशी, मुठीजवळ टेकवतो, बोटे दात्यांच्या वाटेतून बाजूला ठेवतो, चाकू स्थिर धरतो आणि रॉड मागे ओढतो. याचा दुसरा फायदा असा की हात पुढे जात नसल्यामुळे रचलेला कापूस विस्कटत नाही.

ठिणगी पडू लागली तरी आग पेटायला आणखी आठवडा गेला. हुरड्याचे दिवस होते. गूळभेंडी ज्वारीची कणसे काढून ठेवलेली, आगटीसाठी खड्डा केलेला, गोवऱ्या रचलेल्या आणि मी औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या गोळीवर ठिणग्या पाडत बसलेलो. पाहुणे उभे होते. शेवटी आमचे काका जवळ येऊन म्हणाले, "दाबून नको ठिवू. आधी पिंज त्याला. गोळीला इस्तू धरत नसतो." त्यांनी बांधावरच्या पऱ्हाटीवर राहिलेल्या फरदडीच्या बोंडातला कापूस घेतला, सरकी काढली आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तो इतका विरळ पिंजला की पलीकडचे दिसावे. दुसऱ्या ओढीला तो पेटला.

विकत घेताना मी रॉडचा एवढा विचार केला, त्याच्या निम्मा विचार कापसाचा केला असता तर डिसेंबर वाया गेला नसता. ठिणगी क्षणभरच जगते. तिला जाड काही पेटवता येत नाही, पण हवेत मोकळा असलेला एकेक तंतू ती सहज धरते. दाबलेल्या गोळीत तंतू आणि हवा यांचा मेळच राहत नाही. शेतातल्या कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो पाणी लवकर पीत नाही. औषधी कापसाचा तो थर धुऊन काढलेला असतो आणि दमट हवेत तो लवकर ओलावतो. माझ्या अनुभवात पावसाळ्यात हा फरक स्पष्ट जाणवतो. मराठवाड्यात, निदान परभणी, जालना आणि बीड या पट्ट्यात, दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेच्या बाभळींनाही गाड्यांमधून उडालेला कापूस लटकलेला असतो. इतकी चांगली पेटवण फुकट मिळत असताना परदेशी पाकिटातल्या तयार गोळ्यांवर पैसे घालवण्याचे काहीच कारण नाही.

पिंजलेला कापूस मात्र भुर्रकन जळून जातो, आणि तेवढ्यात तुराटीही पेटत नाही. म्हणून जेलीत मळलेला कापूस लागतो. नळीच्या तुकड्यातला एवढासा बोळा टोकाला पिंजून पेटवला तर सुमारे दोन मिनिटे जळतो. त्यावर तुराटीच्या काड्या पात्याने सोलून त्यांचे केसासारखे छिलके ठेवावेत, मग बोटाएवढी पऱ्हाटी, मग गोवरीचा चुरा आणि शेवटी अख्खी गोवरी. कॉर्कस्क्रूवरच्या सुतळीबद्दलही माझे मत सुधारले. पीळ उकलून, पात्याच्या पाठीने खरवडून तिचे तंतू मोकळे केले तर तीही ठिणगी धरते. पण तिला वेळ लागतो आणि हवा दमट असेल तर ती हट्ट करते. ती केवळ राखीव म्हणून ठीक आहे.

फेब्रुवारीत मी चकमकही करून पाहिली. काकांच्या लहानपणी घरात कंबरेच्या बटव्यात गार, पोलादाचा तुकडा आणि जळका कापूस असे. आमच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारा नांगरताना वर येतात, त्यातली एक धारदार फोडून घेतली. चाकूच्या स्टेनलेस पोलादावर तिने एकही उपयोगाची ठिणगी दिली नाही. तुटक्या कानशीच्या तुकड्यावर मात्र ठिणग्या आल्या. चकमकीत गार पोलादाचा कीस काढते आणि तो लोखंडाचा कीस जळतो, फेरो रॉडमध्ये याच्या उलट पोलाद रॉडचा कीस काढते. चकमकीची ठिणगी त्यामानाने थंड असते, साध्या कापसाला ती पुरत नाही. तिला डबीत कोंडून करपवलेली सुती चिंधीच लागते. हा प्रयोग केल्यावर ६४० रुपयांबद्दलचा माझा राग बराच उतरला.

मार्चनंतर मी चाकू खिशात ठेवला, पण रॉड वापरला नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कुरण आणि बांध कोरडे ठणठणीत असतात, एका ठिणगीने शेजाऱ्याची कडब्याची गंज जाऊ शकते. कन्नडजवळच्या गौताळ्यासारख्या राखीव जंगलात तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे आग पेटवणे हा गुन्हा आहे. हे साधन घेणाऱ्याने ते कुठे वापरणार आहे, हे आधी ठरवावे.

नेमक्या याच न वापरलेल्या महिन्यांत रॉड कुजला. ऑगस्टमध्ये मी सगळा दोष पावसाला दिला आणि विक्रेत्यालाही तसेच लिहिले. बदली रॉड मागितला, तेव्हा ओलाव्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे उत्तर आले. मी फोटो पाठवले, वेष्टनात लपेटून परत पाठवण्याची तयारी दाखवली, चार वेळा फोन केला. शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट एवढेच पदरात पडले. पाकिटावर ओलाव्याबद्दल एक शब्द न छापता नंतर ओलाव्याचे कारण पुढे करणे मला अजूनही अन्यायाचे वाटते.

पावसाबद्दलचे माझे निदान मात्र चुकीचे निघाले. आखाड्यावर खिळ्याला टांगलेला दुसरा जाड रॉड तोच पावसाळा उघड्यावर काढत होता आणि तो फक्त काळवंडला होता, खरवडल्यावर लगेच ठिणगी देत होता. फरक खिशाचा होता. मे महिन्यात दिवसभर घामाने भिजलेल्या विजारीत चाकू असे, घामातले मीठ खाचेत उतरे आणि तिथे हवा खेळत नसल्यामुळे सुकत नसे. मिठाच्या ओलीत फेरोसेरियमची भुकटी होते, भुकटी फुगते आणि रॉड खाचेत आवळला जातो. तेव्हा खरा दोष रॉडच्या दर्जाचा नव्हे, तर त्या बंद खाचेचा आहे. या एका गोष्टीवर मी अतिरेकी भर देत आहे असे वाटेल, पण हे साधन आणीबाणीसाठी असते आणि महिनोन्महिने न बघता खिशात राहते. त्यामुळे खाच हाच त्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

अडकलेला रॉड परभणीत चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या एका कारागिराने काढून दिला. त्याने चाकूची एका बाजूची लाल पट्टी अलगद उचकटली, आतली भुकटी साफ केली आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. चाळीस रुपये घेतले आणि पात्याचे तीन दातेही त्याच पैशात घालवून दिले.

नवा रॉड मी सूट न वापरता दुसरीकडून घेतला. बसवण्याआधी काळा लेप फक्त टोकाकडच्या निम्म्या भागावरून खरवडला आणि उघड्या भागावर नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा एक हात दिला. वापरताना तो थर पहिल्या ओढीतच निघतो, वापरून झाल्यावर पुन्हा लावावा लागतो. दर रविवारी रॉड बाहेर काढून खाचेत कोरड्या कापडाची वात फिरवतो. मे आणि जूनमध्ये चाकू खिशाऐवजी पट्ट्याच्या कापडी पिशवीत ठेवणार आहे.

पंक्चरच्या दुकानातून आणलेल्या सायकलच्या ट्यूबचे कडे चाकूभोवती घालण्याची युक्ती मी सुरुवातीला दिखाऊ म्हणून सोडून दिली होती. सप्टेंबरपासून ते कडे घालतो. खाचेचे तोंड झाकले जाते, रॉड निसटत नाही आणि दोन-तीन वेळा भिजलेल्या पऱ्हाटीखाली त्याच रबराची एक पट्टी कापून पेटवली, तेव्हा ती वाऱ्यातही जळत राहिली. धूर काळा आणि उग्र असतो, त्यामुळे हुरड्याच्या किंवा स्वयंपाकाच्या आगीत ते वापरू नये.

जुन्या रॉडचा उरलेला इंचभर तुकडा फेकला नाही. लाकडाच्या एका काडीला भोक पाडून तो त्यात चिकटवला आणि फरदडीच्या कापसासह आखाड्यावरच्या पत्र्याच्या डबीत ठेवला आहे. परवा सकाळी दव पडलेले असताना चहासाठी चूल त्यानेच पेटवली, चौथ्या ओढीला.