फ्रेमवाल्याने पाहिलेली केमोल्ड

गिरगावात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे हार घालायचे फोटो आणि अधूनमधून जेजे कला महाविद्यालयाच्या पोरांची चित्रं, असा आमचा माल. त्यामुळे कुठल्याही प्रदर्शनात गेलो की माझी नजर आधी कोपऱ्यावर जाते. पट्टीचा काप नीट बसलाय की फट राहिलीये, माउंट सरळ कापलाय का, काचेच्या आत धूळ गेलीये का. चित्र त्यानंतर. फोर्टातल्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड या चित्रांच्या गॅलरीबद्दल पुढे जे लिहितोय ते अशा माणसाचं मत आहे, समीक्षकाचं नाही.

या गॅलरीबद्दल आम्हा फ्रेमवाल्यांना जरा जास्तच आपुलकी, कारण हे घर आमच्याच धंद्यातून वर आलं. गॅलरी काढणारे केकू गांधी केंब्रिजला शिकत होते. सुट्टीत मुंबईला आले, दुसरं महायुद्ध पेटलं आणि परत जाणं राहून गेलं. १९४१ साली एका बेल्जियन माणसाच्या साथीने त्यांनी फ्रेमच्या पट्ट्यांचा धंदा सुरू केला. त्यांच्या शोरूमच्या काचेत मग आरा, हुसेन या चित्रकारांची चित्रं लागायला लागली. तेव्हा या मंडळींना विचारतंय कोण! नुसती रिकामी फ्रेम काचेत कितीही चांगली ठेवा, गिऱ्हाईक थांबत नाही. आत काहीतरी लागतंच. आमच्याकडे त्या जागी एखादी नटी असते, त्यांच्याकडे हुसेन होते.

१९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद या नवरा-बायकोने जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. तैयब मेहता, रझा, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, अशा चित्रकारांची कामं तिथे लागली. आज त्यांच्या चित्रांचे लिलाव कोटींत जातात. त्या काळी चित्र विकत घेणारी मुंबईतली घरं बोटावर मोजण्याइतकी. १९८८ पासून मुलगी शिरीन गांधी कारभार बघू लागल्या. अतुल डोडियांचं पहिलं एकल प्रदर्शन १९८९ चं, जितीश कल्लाटचं १९९७ चं, दोन्ही केमोल्डचीच. २००७ मध्ये गॅलरी प्रेस्कॉट रोडवर आली. केकू २०१२ मध्ये गेले, खोर्शेद पुढच्या वर्षी.

मला मात्र सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती १९७५ ची. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं त्या वर्षी केमोल्डमध्ये लागली. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी त्यांना हेरलं होतं. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर बायकांनी तांदळाच्या पिठाने काढायची ही चित्रं. जिव्या पुरुष असून रोज काढायचे. ती काळा घोड्याला, हुसेन-रझांच्या गॅलरीत लावायची हे तेव्हा धाडसच होतं. आता माझ्याकडे महिन्याला ढिगाने वारली येते. कपबशीवर छापलेली, कुर्त्यावर छापलेली, हॉटेलवाल्याने डझनाने प्रिंट काढून आणलेली. सगळ्यांचा गोल फेर एकाच बाजूला वळलेला आणि तारपा वाजवणारा त्याच जागी. जिव्यांचं मूळ चित्र जवळून बघितलं की कळतं, त्यातली माशांची जाळी एकेक बारीक रेघ ओढत भरलीये आणि कुठेही घाई नाही.

आता प्रत्यक्ष जागेबद्दल. क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला, शेजारी कॅथेड्रल शाळा. शाळा सुटायच्या वेळी टॅक्सीने जाऊ नका एवढंच सांगतो. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून चालत गेलेलं बरं. आत उंच छत, पांढऱ्या भिंती आणि दोन कामांच्या मधे भरपूर मोकळी जागा. ही मोकळी जागा फुकट जात नाही. मोठ्या चित्रापासून दहा-बारा पावलं मागे जाता आलं पाहिजे, तरच ते दिसतं. घरच्या हॉलमध्ये ते होत नाही, आमच्या दुकानात तर विचारूच नका. तिकीट नाही.

मराठी माणूस या तिसऱ्या मजल्यावर जायला बिचकतो, त्याला कारण आहे. दुसऱ्या एका गॅलरीत, नाव घेत नाही, दारावरच्या माणसाने मला ‘किससे मिलना है’ विचारलं होतं. चित्रांना भेटायचंय म्हटलं तर हसला नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक गॅलऱ्यांत भिंतीवरचा मजकूर असा असतो की तो वाचून चित्र आणखी लांब जातं. माझा सल्ला सरळ आहे. आधी काम बघा, दोन फेऱ्या मारा, मजकूर वाचायचाच तर शेवटी.

केमोल्डमधलं मनात राहिलेलं प्रदर्शन विचाराल तर शकुंतला कुलकर्णींचं, २०१२ चं. वेताची चिलखतं. माणसाच्या मापाची, अंगात घालता येतील अशी, डोक्यावरच्या मुकुटासकट. सोबत ती घालून मुंबईत उघड्यावर उभ्या राहिलेल्या खुद्द कुलकर्णीबाईंचे फोटो. मी एका चिलखताच्या कमरेशी वाकून बराच वेळ बघत होतो. वेताच्या फेऱ्यांवर फेऱ्या, आणि वळणावर कुठे चीर नाही. वेत तापवून वाकवायचा असतो, जरा घाई केली की तडकतो, त्यामुळे ते वळण बघून हातांना दाद द्यावीशी वाटली. पण बघता बघता दुसरंच लक्षात यायला लागलं. हे अंगाला वाचवतंय खरं, पण आतल्या बाईला नीट बसताही येणार नाही. चिलखत कुठे संपतं आणि पिंजरा कुठे सुरू होतो, तेच कळेना. पुढे २०२४ मध्ये ही वेताची कामं पॅरिसला, दिओरच्या फॅशन शोमध्ये उभी राहिली.

त्या दिवशी दुकानातला पोरगा सोबत होता. त्याने सगळीकडे फिरून मला हळूच विचारलं, “काका, इथे फ्रेम कुठेय? आपल्याला काय काम मिळणार?” प्रश्न बरोबरच होता. पट्ट्या विकून उभ्या राहिलेल्या घराच्या गॅलरीत निम्म्या गोष्टी फ्रेममध्ये मावतच नाहीत. कापड लोंबतंय, व्हिडिओ चाललाय, जमिनीवर काहीतरी मांडलंय. काही प्रदर्शनं माझ्या डोक्यावरून गेली, खोटं कशाला बोलू. एकदा तर पाच मिनिटांत जिना उतरलो. पण सहा दशकं एकाच घराने गॅलरी चालवायची आणि जुन्या नावांवर बसून न खाता नव्या पोरांना भिंत द्यायची, यात पैशाची जोखीम केवढी आहे ते धंदेवाल्यालाच कळेल. आरा-हुसेनांची चित्रं काचेत लावली तीही जोखीमच होती.

किंमत विचारायला लाजू नका. गॅलरी हे शेवटी दुकानच. आकडा ऐकून मी मान डोलावतो आणि पुढच्या कामाकडे वळतो, तसं तुम्हालाही जमेल. उद्घाटनाची संध्याकाळ टाळा, त्या गर्दीत फक्त पाठी दिसतात. मधल्या वारी दुपारी जा, निघण्याआधी काय लागलंय आणि वेळ काय ते बघून घ्या. सोफ्याच्या मागे लावायला रंगाला रंग जुळणारं काही हवं असेल तर मात्र इथे येऊ नका. जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात, त्यांच्याकडे बरी चित्रं मिळतात. फ्रेम माझ्याकडे करा.