स्पीकर केबल: शोरूमची आणि थेट मागवलेली, पावसाळाभर वापरल्यानंतर

उजवा स्पीकर मध्येच गप्प व्हायला लागला, म्हणून हे लिहितोय. अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) ठीक, स्पीकर ठीक. शोरूममधून घेतलेल्या, विणलेल्या आवरणाच्या महागड्या केबलचा बनाना प्लग, म्हणजे तारेच्या टोकाला लावलेली खोचायची पिन, सैल झाला होता. आतला इवलासा स्क्रू तार धरतच नव्हता. दुकानदार म्हणाला, "प्लगला वॉरंटी नाही, डिस्ट्रिब्युटरला विचारा." डिस्ट्रिब्युटर म्हणाला, "जिथून घेतलीत तिथेच जा." किमतीत दोघांचा वाटा होता, पण एक स्क्रू बदलून द्यायला दोघांपैकी कोणी तयार नव्हतं. ती चीड अजून गेलेली नाही.

मग केबल बनवणाऱ्याकडूनच 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी मागवली. निम्म्याहून कमी पैशांत आली आणि आवाजात मला काडीचाही फरक जाणवला नाही. जाणवणार तरी कसा? या जाडीच्या तांब्याचा विजेला होणारा रोध मीटरला साधारण 7 मिलिओहम. 5 मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन 0.07 ओहम. 8 ओहमच्या स्पीकरपुढे 1 टक्कासुद्धा नाही.

पैसे जातात ते वाटेत. समजा कारखान्यातून केबल 500 रुपयांना निघाली. डिस्ट्रिब्युटरने 30 टक्के चढवले की 650, दुकानाने 40 टक्के चढवले की 910, वर 18 टक्के जीएसटी धरून 1,074. तांबं तेवढंच. शिवाय अ‍ॅम्पवर आपण घासाघीस करतो, ती कसर केबलवर निघते. "एवढा अ‍ॅम्प घेताय, मग केबल साधी कशाला?" हे ऐकलं नाही असा गिऱ्हाईक विरळा.

थेट म्हणजे स्वस्तच, असं मी आधी सगळ्यांना सांगत होतो. आता नाही सांगत. काही थेट विक्रेते शोरूमच्या जवळपासचाच भाव लावतात; वाचलेलं मार्जिन जाहिरातीत आणि परतीच्या कुरिअरमध्ये जातं. काही जण तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार खपवतात, जिची वाहकता तांब्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. टोक कापून बघा. आत रुपेरी दिसलं तर परत पाठवा. अमेरिकेतली ब्लू जीन्स केबल ही कंपनी बेल्डन या केबल उत्पादकाची ठोक केबल हव्या त्या लांबीत कापून, टोकं लावून विकते आणि आत कुठली केबल आहे तेही सांगते. इतका उघड व्यवहार इथे मला हवा आहे.

स्पीकर मात्र दुकानात बसून, ऐकूनच घेईन, आणि त्या माणसाला त्याचे दोन पैसे खुशीने देईन. केबलसाठी नाही. नव्या जोडीला प्लग लावलेच नाहीत. सोललेली तार थेट बाइंडिंग पोस्टमध्ये, म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्पच्या मागच्या फिरवून घट्ट करायच्या खुंट्यांत, आवळली आहे. उजवा स्पीकर त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.