चौदा महिने तारखा झाल्या, आणि केस दाखलच नव्हती

नोव्हेंबर 2022 ते फेब्रुवारी 2023 असे तीन महिने मी स्वतःला घटस्फोटित समजत होते. कागद होता ना माझ्याकडे. 100 रुपयांचा स्टॅम्प, त्यावर दोघांचे पासपोर्ट फोटो, अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर येईल असा नोटरीचा गोल शिक्का, खाली लाल सील, दोन साक्षीदारांच्या सह्या. वर ठळक अक्षरांत 'घटस्फोटाचा करारनामा'. आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला होता. या कागदासाठी अण्णांनी वकिलाला 61 हजार रुपये दिले होते, आणि कायद्याने तो कागद म्हणजे काहीच नव्हता.

आमचं गाव मराठवाड्यात, तालुक्यापासून चौदा किलोमीटरवर. वकिलाचं नाव मी लिहीत नाही, तालुक्याचंही नाही. मला लिहायचंय ते आम्ही कुठे कुठे फसलो ते.

लग्न 2017 चं. जानेवारी 2020 मध्ये मी माहेरी आले ती परत गेले नाही. कारणं इथे नको. दोन्हीकडच्या चार माणसांनी बसून बघितलं, जमलं नाही, आणि शेवटी दोन्ही घरं समजुतीने वेगळं व्हायला तयार झाली. मूल नाही, घेण्या-देण्याचा वाद नाही. म्हणजे खरं तर कोर्टात याहून सरळ प्रकरण नसतं.

वकील कुठला बघायचा, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. अण्णांच्या मामेभावाच्या बांधाच्या भांडणात ज्याने काम केलं तोच. "आपला माणूस आहे," एवढं पुरलं. लहान गावात वकील असाच ठरतो. आणि आपला माणूस असला की पावती मागणं म्हणजे त्याचा अपमान. मी एकदा पावतीचं नाव काढलं तर अण्णा माझ्यावरच चिडले होते.

सप्टेंबर 2021 मध्ये पहिले 25 हजार दिले, सोयाबीनच्या आधी उसनवारी करून. वकील म्हणाला, "ताई, निर्धास्त राहा. सहा महिन्यांत मोकळं करून देतो." वकीलपत्रावर सही घेतली, आणखी पाच-सहा कोऱ्या कागदांवर घेतली. मग कोर्ट फीचे म्हणून 12 हजार. नोटिशीचा खर्च 3 हजार. पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागते म्हणून 6 हजार. आणि शेवटी "आता निकाल हातात येतोय" म्हणून 15 हजार, ते आम्ही शेळ्या विकून दिले.

आता मला माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर दुसऱ्या हप्त्यालाच आम्ही उठून आलो असतो. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी अशा प्रकरणांत बाईला कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून, सरकारच्या अधिसूचनेने. म्हणजे ते 12 हजार कशाचे? आणि जाहीर नोटीस देतात ती समोरचा माणूस सापडत नसेल तर. जिथे दोघं मिळून एकच अर्ज करतात तिथे पेपरातून कुणाला कळवायचं?

पण सगळ्यात जास्त मला त्या तारखा आठवतात. सकाळी साडेआठची एसटी, सोबत अण्णा, डब्यात भाकरी. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसायचं. एक-दीडच्या सुमाराला वकील काळा कोट सावरत यायचा. "साहेब रजेवर आहेत." "आज बोर्ड मोठा आहे, आपला नंबर लागत नाही." "समोरच्यांनी मुदत मागितली." मग खिशातून स्वतःचं कार्ड काढायचा, पाठीवर पुढची तारीख लिहायचा आणि ते माझ्या हातात द्यायचा. अशी अकरा कार्डं माझ्याकडे आहेत. निळ्या पेनाने लिहिलेल्या तारखा, दोन ठिकाणी खाडाखोड. मी ती कार्डं देवघरातल्या फळीवर जपून ठेवली होती, तीच माझी केस असं समजून.

चौदा महिन्यांत मी एकदाही न्यायाधीशांसमोर उभी राहिले नाही. नवरा एकदाही दिसला नाही. विचारलं तर वकील म्हणायचा, "त्यांची तारीख वेगळी असते." आम्ही मान डोलावली. कायदा नेमका उलटा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली संमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्ज दोघांचा मिळून एकच असतो आणि संमती स्वतःच्या मनाची आहे ना, याची खात्री न्यायाधीश करून घेतात. एकदा अर्ज दाखल झाल्यावर, आणि मधली सहा महिन्यांची मुदत गेल्यावर पुन्हा एकदा. तुम्हाला कुणी काही न विचारता "झालं" असं कळवलं असेल, तर तिथेच संशय घ्या.

नोव्हेंबरमध्ये वकिलाने तो नोटरीचा कागद दिला. अण्णांनी पेढे वाटले नाहीत, पण त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

फेब्रुवारीत एक स्थळ आलं. मुलगा विधुर, त्यांचे थोरले भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. गुरुजींनी कागद मागितला, आईने ट्रंकेतून काढून दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, परत घडी घातली आणि म्हणाले, "अण्णा, राग मानू नका. हा नोटरीचा करार आहे. कोर्टाचा हुकूमनामा कुठं आहे?"

अण्णांचा चेहरा पडला. पाहुणे गेल्यावर वकिलाला फोन लावला तर तो हसून म्हणाला, "अहो, हाच तो. खेड्यात हेच चालतं."

चालतं म्हणून कितीतरी जणी असा कागद घेऊन बसल्या आहेत, म्हणून हे नीट सांगते. नोटरीला घटस्फोट देण्याचा अधिकार नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या कायदा मंत्रालयाने नोटरींना तसं लेखी बजावलंही आहे. काही समाजांत रूढीने चालत आलेली फारकत कायदा मानतो, पण ती रूढी खरोखर आहे हे वेळ आल्यावर सिद्ध करावं लागतं. आमच्यात तशी रूढी नाही. म्हणजे कायद्याने मी अजून त्याच माणसाची बायको होते. गुरुजींनी विचारलं नसतं आणि लग्न लागलं असतं, तर ते दुसरं लग्न मुळातच रद्द ठरलं असतं आणि पहिलं लग्न कायम असताना दुसरं केल्याचा गुन्हा माझ्यावर आला असता. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कोर्टात गेले. लिंबाखाली बसले नाही, सरळ आत गेले. जिथे केस दाखल करून घेतात त्या खिडकीवर एक बाई होत्या. नंबर विचारला, माझ्याकडे नव्हता. त्यांनी माझं नाव टाकलं, नवऱ्याचं टाकलं, 2021 बघितलं, 2022 बघितलं. मग कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. "बाई, या नावाने आमच्याकडे काहीच नाही."

मी पिशवीतून ती अकरा कार्डं काढून खिडकीवर ठेवली. त्यांनी एक उचलून बघितलं आणि काही न बोलता परत दिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शेजारच्या दालनात विधी सेवा समितीचं ऑफिस आहे. तिथं जा."

केस दाखल झाली की तिला 16 अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर पडतो. आपल्याकडे तो 'एमएच'ने सुरू होतो. तो नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं मोबाइलवर दिसतं. वकिलाने "केस टाकली" म्हटलं की दुसरं वाक्य तुमचं असू द्या: नंबर द्या. तो देत नसेल तर कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात किंवा त्या खिडकीवर नावाने शोधून मिळतं. मला दहा मिनिटं लागली. चौदा महिने मी त्या खिडकीपासून पन्नास पावलांवर बसत होते.

तालुका विधी सेवा समितीबद्दल मी तोवर ऐकलंही नव्हतं. 1987 च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जाता येत नसेल तर 15100 वर फोन करता येतो. मला एक तरुण वकीलताई मिळाल्या. आमच्या तालुक्यात फॅमिली कोर्ट नाही, घटस्फोटाचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, हे पहिल्यांदा त्यांच्याकडून कळलं. त्यांनी कार्डं बघितली, स्टॅम्प बघितला, आणि विचारलं, "नवरा अजून तयार आहे का?"

त्यासाठी माझ्या भावाने तीन वर्षांनी त्याला फोन केला. तेव्हा कळलं की त्याच वकिलाने त्यांच्याकडूनही 40 हजार घेतले होते. त्यांनाही वेगळ्या तारखा दिल्या होत्या, त्यांचीही सही घरी जाऊन घेतली होती. संमतीच्या अर्जात दोघांचा मिळून एक वकील असायला हरकत नाही, पण आम्हाला तो आमचा आणि त्यांना त्यांचा वाटत होता. दोन घरांत बोलणं बंद होतं, त्यावर त्याचं सगळं चाललं होतं.

मूळ लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, नोंदणीचा दाखला त्या वकिलाकडेच अडकले होते. मागायला गेलो तर म्हणाला, राहिलेले 10 हजार द्या, मग फाईल न्या. वकीलताईंनी सांगितलं, फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच तसं ठरवलंय. त्यांनी त्याला तसं लेखी कळवल्यावर चार दिवसांत कागद मिळाले. कोऱ्या कागदांवरच्या सह्या मात्र परत आल्या नाहीत. तेवढी धाकधूक अजून आहे.

एप्रिल 2023 मध्ये खरा अर्ज दाखल झाला. सहा महिने थांबायचं होतं, पण आम्ही तीन वर्षांपासून वेगळे होतो आणि कसलाच वाद उरला नव्हता, म्हणून ताईंनी ती मुदत माफ करण्याचा अर्ज दिला. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कोर्टाला अशी सूट देता येते. ती मिळाली. न्यायाधीशांनी मला विचारलं, कुणाचा दबाव आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी नवऱ्यालाही तेच विचारलं. दोन मिनिटांचं काम. जूनमध्ये हुकूमनाम्याची नक्कल हातात आली, कोर्टाचा शिक्का असलेली, पहिल्या पानावर नंबर छापलेली.

पैशांचं काय? परत आले नाहीत. तालुक्यातला कुणी वकील त्याच्याविरुद्ध उभा राहायला तयार नव्हता, "आमच्याच बारचे आहेत", म्हणजे आमच्याच वकील संघातले, म्हणून. अण्णा म्हणाले, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला. ग्राहक आयोगात जावं असं भावाचं म्हणणं होतं, पण 14 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल दिला, तोही रस्ता बंद झाला. मी वकिलांवर कारवाई करणाऱ्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार केली आहे, वकिलांच्या 1961 च्या कायद्यातल्या कलम 35 खाली, प्रतिज्ञापत्रासह. अकरा कार्डांच्या झेरॉक्स जोडल्या. आम्ही सगळे पैसे रोख दिले होते, एकाही रुपयाची पावती नाही, त्यामुळे ती कार्डं आणि तो स्टॅम्प एवढाच माझा पुरावा आहे. ऑनलाइन पाच हजार जरी पाठवले असते तरी आज हातात काही असतं.

मी शिवणकाम करते. मागच्या महिन्यात शेजारच्या गावची एक मुलगी ब्लाउजचं माप द्यायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, "माझाही झालाय ताई." मी कागद बघू म्हटलं. तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. तसाच स्टॅम्प, फोटोवर तसाच अर्धा शिक्का. मी मशीन बंद केली आणि तिला म्हटलं, परवा मंगळवार आहे, साडेआठच्या गाडीने जाऊ.

तिचा अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला. मला दाखवायला आली तेव्हा सीएनआर नंबर तिने मोबाइलमध्येही ठेवला होता आणि डाव्या तळहातावर पेनानेही लिहिला होता.